यांच्याकडून

"बाई, मी मेलो कधी, तेवढं फक्त सांगा," असं म्हणून त्या माणसानं एक घडी घातलेली पावती टेबलावर ठेवली आणि समोरच्या खुर्चीत ऐसपैस बसून घेतलं. उज्वला अहिररावनं पावती उलगडली. अक्षर तिचंच होतं. संस्थेत सगळे ज्या अक्षराचं कौतुक करत, तेच गोल, सुटं, एकाही काना-मात्रेला न चुकणारं अक्षर. 'कै. मोतीराम दशरथ पिंगळे, मखमलाबाद, यांच्या स्मरणार्थ रु. ५००१ फक्त, हस्ते श्री. कुंदन.' खाली संस्थेचा गोल शिक्का, बाजूला आयकरात सवलत मिळते तो ऐंशी जीचा लांबट शिक्का आणि तारीख, एकोणतीस मार्च दोन हजार चार. "हे तुमचे वडील का?" तिनं विचारलं, आणि विचारता विचारताच तिला कळलं. "मीच मोतीराम," तो म्हणाला. "कुंदन माझा पोरगा. त्यानं पैसे आणून दिले. टॅक्सवाल्या वकिलाकडं कागद नेले परवा, त्यो लय हसला. म्हणला, मोतीरामशेठ, मेलेल्या माणसाला सूट नाय मिळत."

माणूस रागावला असता तर बरं झालं असतं, असं उज्वलाला वाटलं. रागावलेल्या देणगीदारांशी कसं बोलायचं हे तिला दहा वर्षांत पाठ झालं होतं. पाणी मागवायचं, 'बसा ना काका' म्हणायचं, चूक शाईवर ढकलायची. पण मोतीराम पिंगळे मजेत होता. फुलबाजारात त्याचा गाळा होता, मखमलाबादला तीन एकर गुलाब होता, पांढऱ्या सदऱ्याच्या खिशाला हिरवट डाग पडले होते आणि हाताच्या बोटांना काट्यांचे ओरखडे होते. जितकं जिवंत असायचं तितका तो होता. "माझं काय नाय ओ," तो म्हणाला, "पण मालनबाईनं धसका घेतलाय. आमची मंडळी. तीन दिस झाले, वाढताना मुद्दाम माझ्या हाताला हात लावती. गार हाय का गरम ते बघती. काल वणीला जाऊन देवीची ओटी भरून आली. म्हणती, कागदावर लिव्हलं म्हंजी कुठंतरी लिव्हलं गेलं." रावजी शिपाई दारात उभा राहून ऐकत होता, तो फसकन हसला. उज्वलाही हसली. मग तिच्या लक्षात आलं की आपल्या तळहातांना घाम आलाय आणि पावती तिथं ओलसर झालीय.

चूक कशी झाली हे तिला सांगता आलं असतं. मार्चचा शेवटचा आठवडा म्हणजे संस्थेच्या कचेरीत जत्रा. वर्षभर ज्यांना पेठ-सुरगाण्याच्या मुलींच्या वसतिगृहाची आठवण येत नाही त्यांना एकतीस तारखेच्या आत एकदम उमाळा येतो. रांगेत तो पोरगा उभा होता, हातात हेल्मेट, आवाज बसलेला. हळूच म्हणाला, "वडिलांच्या नावानं द्यायचेत." बस्स. नावानं! जिवंत माणसाच्या नावानं देतात आणि गेलेल्याच्याही नावानंच देतात, मराठीत दोन्हींना शब्द एकच. पण पंचवीस-तिशीची मुलं वडिलांच्या नावानं देणगी द्यायला आली आणि हळू बोलली, की वडील गेलेले असतात, हा दहा वर्षांचा अनुभव. तिनं विचारलं नाही. असं विचारायला जीभ रेटत नाही. हातानं आपसूक 'कै.' लिहिलं, 'यांच्याकडून' हे छापील अक्षर खोडलं, 'यांच्या स्मरणार्थ' तसंच ठेवलं, कार्बनखालच्या स्थळप्रतीवर सगळं उमटलं, आणि मखमलाबादचा एक धडधाकट माणूस सव्वा मिनिटात कैलासवासी झाला. पोराचा घसा बसला होता म्हणून तो हळू बोलत होता, हे आता मोतीरामनं सांगितलं. उसाचा रस प्याला होता बर्फ घालून.

पावतीत खाडाखोड चालत नाही. रद्द करून नवी द्यावी तर ते पुस्तक मार्चअखेर ऑडिटरकडे गेलेलं. सेक्रेटरी थेटे सर आतून आले, त्यांनी पावती पाहिली, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "उज्वलाबाई, आणखी किती जणांना पोचवलंत?" मग दुरुस्तीचं पत्र द्यायचं ठरलं. संस्थेच्या लेटरहेडवर, जावक क्रमांक घालून. तिनं लिहायला घेतलं, 'सदर पावतीवर अनवधानाने… प्रत्यक्षात श्री. मोतीराम दशरथ पिंगळे हे हयात असून…' इथं मोतीराम पुढं झुकला. त्याला अक्षर वाचता येत होतं. "हयात," त्यानं तो शब्द मोठ्यानं वाचला. "हे तुम्ही कशावरनं लिव्हता ओ बाई? मला बघून, का कागद बघून?" थट्टेनंच विचारलं त्यानं. "तुम्हाला बघून," ती म्हणाली. "मंग ठीक हाय," तो म्हणाला आणि पत्र घेऊन, रावजीला चहाला दहा रुपये देऊन, जिन्यानं धडाधड खाली उतरला. त्याची पावलं रस्त्यावर पोचेपर्यंत ती ऐकत राहिली.

मला बघून का कागद बघून. हा प्रश्न त्यानं जाताना टेबलावरच ठेवला. आपण सात पावत्यांवर एका माणसाच्या नावाआधी 'श्री.' लिहिलंय आणि त्याला शेवटचं बघितलं बारा वर्षांपूर्वी, हे तिच्याखेरीज त्या कचेरीत थेटे सरांना ठाऊक होतं, पण ते कधी बोलले नव्हते. दरवर्षी चार ऑगस्टला ती आपल्या पगारातून पाचशे एक रुपये काढायची, स्वतःच पुस्तक उघडायची आणि लिहायची, 'श्री. सावळीराम रामचंद्र अहिरराव, सटाणा.' आणि 'यांच्या स्मरणार्थ' खोडून टाकायची. मग उरायचं ते 'यांच्याकडून'. श्री. सावळीराम रामचंद्र अहिरराव यांच्याकडून रोख आभारपूर्वक मिळाले. शिक्कासुद्धा मारायची, ऐंशी जीचा. त्या शिक्क्याचा फायदा या जगात कुणालाही नव्हता. तिला नाही, कारण नाव तिचं नव्हतं. आणि ज्याचं नाव होतं तो रिटर्न भरायला कुठं बसला असेल, तर ते निदान सिन्नरला नव्हतं.

कारण तिचा नवरा सिन्नरलाच निघाला होता आणि तिथं पोचला नव्हता. ब्याण्णव साल, चार ऑगस्ट, मंगळवार. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात फिटर, रोज सकाळी सातची एसटी. तो चहा प्याला, डबा घेतला, चपला बदलल्या आणि गेला. इतकं साधं गेला की नंतर पोलिसांना सांगायला तिच्याजवळ काही नव्हतं. भांडण? नाही. कर्ज? नाही. आजार? नाही. मग काय घातलं होतं? निळा शर्ट, ती म्हणाली, आणि हवालदारानं लिहून घेतलं, आणि तेच पेपरात छापून आलं, 'अंगात निळा शर्ट, उंची पाच फूट सहा इंच'. आठव्या दिवशी ती वाळलेले कपडे काढायला गॅलरीत गेली तर दोरीवर निळा शर्ट. मग त्यानं घातलं काय होतं? तिनं कपाट उपसलं, कोणता शर्ट कमी आहे ते शोधलं, आणि तिला शोधता आलं नाही. सहा वर्षांचा संसार झालेल्या बाईला नवऱ्याचे शर्ट किती हे सांगता येऊ नये! ती परत पोलीस चौकीत गेली नाही. लाज वाटली. पुढे कितीतरी वर्षं तिला वाटायचं की कुणीतरी कुठल्यातरी स्टँडवर त्याला पाहिलं असेल, पेपरातला फोटो आठवला असेल, आणि मग शर्टाकडे बघून म्हणाला असेल, छे, हा तो नव्हे. ती त्याच्यावर रागावली होती, मनापासून, वर्षानुवर्षं. पण त्या रागाच्या तळाशी हा शर्ट होता, म्हणून तो राग कधी पुरता चढला नाही.

सात वर्षं माणूस बेपत्ता असला की कायद्यानं मेला असं धरता येतं, हे तिला विम्याच्या एजंटानं सांगितलं होतं. कोर्टात अर्ज करा, पैसे मिळतील. तिनं केला नाही. लोक समजत होते की ती वाट बघतेय. ती वाट बघत नव्हती. नाशिकमध्ये एकट्या बाईला मुलगी वाढवायची, भाड्याची खोली टिकवायची, तर वाट बघायला वेळ कुठला? पण कपाळावर कुंकू होतं, गळ्यात पोत होती, भाडेकरारावर 'सौ.' होतं. ते सगळं सवयीनं चालू होतं आणि बंद करायला एक दिवस ठरवावा लागला असता. तो दिवस कोण ठरवणार? मेलेल्याचा दिवस असतो, तिथी असते. याची फक्त निघाल्याची तारीख होती. गेल्याच महिन्यात दिशाच्या अकरावीचा फॉर्म भरताना 'वडील : हयात / मयत, नको ते खोडावे' असं आलं. दिशा पेन घेऊन क्षणभर थांबली, आईकडे बघितलं नाही, दोन्ही तसंच ठेवून खालच्या ओळीवर गेली. कॉलेजनं फॉर्म घेतला. कुणी विचारलंसुद्धा नाही.

पण खरी गोष्ट ही नव्हे. खरी गोष्ट सटाण्याला होती. पहिली पावती तिनं सत्त्याण्णवला फाडली, तेव्हा मनात फार काही नव्हतं. पाच वर्षं झाली होती, तारीख जवळ आली होती, काहीतरी करावंसं वाटलं. देवाला द्यावं तर तिचा देवाशी अबोला होता. म्हणून संस्थेला दिलं. आणि पावती सासूला पाठवली, दिराबरोबर. तिच्या लेकाच्या नावानं पुण्य झालं, म्हातारीला बरं वाटेल, एवढाच हेतू. बयाबाईला वाचता येत नव्हतं. शेजारच्या शाळकरी पोरीनं तिला पावती वाचून दाखवली, जशी होती तशी, अडखळत, छापील आणि लिहिलेलं एकत्र. सावळीराम यांच्याकडून. रोख. मिळाले. बयाबाईनं त्यातून जो अर्थ काढायचा तो काढला. महिन्याभरानं उज्वला सटाण्याला गेली तेव्हा म्हातारीनं तिला चुलीपाशी ओढून घेतलं आणि कानात सांगितलं, "मना पोऱ्या जित्ता शे. पावती शे मनापाशी." तिचा चेहरा उजळला होता. उद्या सांगू, असं उज्वलानं ठरवलं. मग दुसऱ्या वर्षी पावती पाठवली नसती तर म्हातारी समजली असती की लेकाचं काही बरंवाईट झालं. म्हणून पाठवली. मग तिसऱ्या वर्षी. धाकट्या दिरानं एकदोनदा विचारलं, वहिनी हे काय आहे, तर ती म्हणाली, आईंच्या समाधानाला. दीर दोन पोरांचा बाप होता, कांद्याच्या चाळीत गुंतलेला, त्यानं विषय वाढवला नाही.

मोतीराम पिंगळे येऊन गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी कचेरीतला फोन वाजला. सटाण्याहून, किराणा दुकानातून. मागे कुणीतरी साखर मागत होतं. बयाबाई फोनवर नेहमी ओरडूनच बोलायची, जणू आवाज स्वतःच तारेवरून चालत जाणार आहे. "उज्वला? चार तारीखले मी यीसू. तुना हापिसमा दिनभर बठसू. तू त्याले सांगू नको." उज्वलानं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "आई, प्रवास झेपेल का तुम्हाला?" "झेपी," म्हातारी म्हणाली. "मी बाहत्तर वरीसनी व्हयनू. आते नही देखं तं कव्हय?" आणि फोन ठेवला. उज्वलानंही ठेवला. दर चार ऑगस्टला लेक स्वतः पैसे भरायला येतो, असं म्हातारी धरून चालली होती. थेटे सरांनी त्याच दिवशी नवा नियम काढला होता, कागदावर लिहून काचेखाली सरकवला होता. देणगी दुसऱ्याच्या नावानं असेल तर ती व्यक्ती हयात आहे किंवा कसे, हे लेखनिकाने देणगीदारास स्पष्ट विचारावे. तिनं तो नियम दोनदा वाचला.

पुढचे पंधरा दिवस तिनं सांगायचं कसं याचाच विचार केला, भाजी निवडताना, रिक्षात, पुस्तकं मांडताना. अंतर्देशीय पत्र आणलं, 'ती. आईंस सा. न. वि. वि.' लिहिलं आणि पुढं लिहिता येईना, कारण ते पत्र वाचणार होती तीच शेजारची पोर. फोनवर सांगावं तर दुकानात साखर घेणारे ऐकणार. सटाण्याला जावं तर रजा नव्हती. नव्हती असं नाही, होती, पण ती गेली नाही. खरं सांगायचं तर तिला भीती वाटत होती. म्हातारी रडेल याची नाही. म्हातारी विचारेल, मग इतकी वर्षं का नाही सांगितलंस, याची. त्याचं उत्तर तिला माहीत होतं आणि ते चांगलं नव्हतं. त्या एका घरात, त्या एका चुलीपाशी, सावळीराम जिवंत असल्यानं उज्वलाला बरं वाटत होतं. आपण ज्याची वाट बघायचं सोडून दिलं त्याची वाट दुसरं कुणीतरी बघतंय, म्हणजे आपल्यावरचा भार हलका. सात वर्षं तिनं आपलं काम म्हातारीकडून करून घेतलं होतं.

चार ऑगस्टला, बुधवारी, साडेदहाला बयाबाई जिना चढून वर आली. सीबीएस स्टँडवरून चालतच आली होती, विचारत विचारत. धुवट नऊवारी, कपाळ मोकळं, हातात कापडी पिशवी. रावजीनं पाणी दिलं ते ती उभ्यानंच प्याली आणि दाराच्या समोरचं बाकडं निवडून त्यावर बसली, जिथून जिना वरपासून खालपर्यंत दिसतो. दिशाची चौकशी केली, दिराच्या पोरांचं सांगितलं, कांद्याचा भाव सांगितला. पिशवीत कळण्याच्या भाकरी होत्या, वांग्याचं भरीत होतं, आणि दुपारी उज्वलानं जेवायला चला म्हटलं तर म्हणाली, "मंग जेवसू." जिन्यावर पाऊल वाजलं की ती पदर सारखा करायची. कुरिअरवाला आला. शाळेचा एक मास्तर आला. पन्नाशीचा एक गृहस्थ आला, सावळा, उंचीला बेताचा, आणि म्हातारी अर्धी उठली, आणि तो टेबलाशी जाऊन बोलायला लागला तेव्हा परत बसली. उज्वलाला त्या गृहस्थाचं नाव दोनदा विचारावं लागलं.

एक बाई आल्या, गंगापूर रोडच्या, हजार रुपये, सासऱ्यांच्या नावानं. नियम होता. उज्वलानं विचारलं, "ते हयात आहेत का?" "नाहीत ना, म्हणून तर देतेय," बाई म्हणाल्या, जरा नाराजीनंच. उज्वलानं 'कै.' लिहिलं, 'यांच्याकडून' खोडलं. बाकड्यावरून बयाबाई बघत होती. तिला अक्षर कळत नव्हतं, पण पेनाची आडवी रेघ कळली. बाई गेल्यावर तिनं कमरेची पिशवी सोडली, आतून दुधाच्या पिशवीत गुंडाळलेल्या सात पावत्या काढल्या आणि मांडीवर ठेवून त्यांच्यावर नुसता हात फिरवत राहिली. थेटे सर आतून दोनदा येऊन गेले. दुसऱ्यांदा आले तेव्हा म्हणाले, "मी जरा बँकेत जाऊन येतो," आणि रावजीलाही काहीतरी आणायला पाठवून दिलं. चार वाजले होते.

"तू त्याले दर साल देखस," बयाबाई म्हणाली. ती जिन्याकडेच बघत होती. "त्याना केस पिकी ग्यात का?"

उज्वलानं पेन खाली ठेवलं. केस. बारा वर्षांत तिनं त्याचा शर्ट शोधला, त्याचं कारण शोधलं, त्याला शिव्या दिल्या, पण तो म्हातारा होत असेल हे तिच्या मनात एकदाही आलं नव्हतं. तिच्यापाशी तो छत्तीसचाच राहिला होता. आईनं मात्र त्याला वर्षावर्षानं वाढवला होता, अठ्ठेचाळीसचा केला होता, त्याच्या कानशिलावर पांढरं आणलं होतं. तिला रडू आलं आणि तिनं ते थांबवलं नाही. ती उठून बाकड्यावर म्हातारीशेजारी जाऊन बसली. "आई, तो नाही येत. कधीच आला नाही. पैसे मी देते. माझ्या पगारातून. पावती पण मीच लिहिते."

बयाबाईनं मान वळवली. मग मांडीवरची वरची पावती उचलून तिच्यापुढं धरली. "आनि हाई? 'यांच्याकडून' शे ना आठे? पोर वाचस."

"ते छापलेलं असतं. सगळ्यांच्याच पावतीवर असतं. आम्ही फक्त नाव लिहितो."

"छापेल शे?"

"छापलेलं आहे."

म्हातारीनं पावती डोळ्यांजवळ नेली, जणू आता दिसेल. मग खाली ठेवली. "माले वाटे, तुमनं दोन्हीसनं भांडन शे," ती म्हणाली. आवाज साधा होता, भाव सांगतानाचा. "माले वाटे, तो येस, पैसा देस, आनि तू त्याले घर येऊ देस नही. सात साल. मी तुले कधी इचारं नही. नवरा-बायकोनं काम, मी काय बोलू?" सात वर्षं ही बाई आपल्याला लेकाला दाराबाहेर ठेवणारी समजत होती. आणि त्याच सात वर्षांत दिवाळीला लुगडं पाठवत होती, दिशाला बाजरीचं पीठ पाठवत होती, आपण गेलो की आपल्या केसांना तेल लावत होती. एक शब्द बोलली नाही. आपण समजत होतो की आपण तिला सांभाळतोय. उज्वलानं म्हातारीचा हात धरला आणि नुसतं "आई" म्हणाली. म्हातारीनं हात सोडवून घेतला नाही. खालच्या रस्त्यावर कुणीतरी रिक्षावाल्याशी भाड्यावरून वाद घालत होतं, तो वाद मिटला.

रावजी बिस्किटांचा पुडा घेऊन वर आला आणि दोघींकडे बघून दारातच थांबला. उज्वलानं डोळे पुसले. पाच वाजायला आले होते, आणि आजची पावती राहिली होती. ती टेबलाशी गेली, पुस्तक उघडलं, कार्बन सरळ केला. पाचशे एक रुपये पाकिटात सकाळपासून वेगळे ठेवले होते. पण नाव कुणाचं घालायचं, आणि नावाआधी काय? तिनं मागे वळून विचारलं, "आई, पावती फाडू का?"

"आज फाडू नको," बयाबाई म्हणाली. तिनं सातही पावत्या परत दुधाच्या पिशवीत घातल्या, पिशवी कमरेला खोचली आणि गुडघ्यावर हात देऊन उठली. भाकरीची पिशवी तिनं रावजीच्या हातात दिली, म्हणाली, "तू खाय, बाबा." मग दारापाशी जाऊन चपला घालता घालता तिनं विचारलं, "गंगा आठून कितली दूर शे?"

उज्वलाला आधी कळलंच नाही. गंगा म्हणजे इथली गोदावरी. अठरा वर्षं ती या गावात राहत होती, देशभरातली माणसं गेलेल्याचं शेवटचं करायला इथं येतात, रामकुंडावर रोज शंभर जणांचं होतं, आणि तिला कधी हे गाव त्या कामासाठी आहे असं वाटलं नव्हतं. देह नसला तरी करतात. पानांचा माणूस करतात आणि त्याला नाव देतात. हे तिलाही ठाऊक होतं.

"चालत पंधरा मिनिटं," ती म्हणाली.

"चाल मंग," बयाबाई म्हणाली. "भटले इचारू, कोनता दिन चांगला शे."